कोरगुट ठेंगणा करायचा का?

२०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय कृषिमंत्र्यांनी दिल्लीत भाताच्या दोन नव्या जाती जाहीर केल्या. एक डीआरआर धान १००, म्हणजेच ‘कमला’, आणि दुसरी, खार आणि पाण्याचा ताण सोसण्यासाठीची, पुसा डीएसटी राईस १. दोन्ही क्रिस्पर तंत्राने, म्हणजे जनुक-संपादनाने तयार केलेल्या. तेव्हापासून गोव्यात शेतीवर बोलणाऱ्यांचे दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, प्रयोगशाळेतलं बियाणं आमच्या मातीत नको, खाऱ्या जमिनीत तगणारं आमचं जुनं भात, आमचा कोरगुट, आम्हाला पुरे. दुसऱ्याचं म्हणणं, खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, खारं पाणी शिरून पडीक पडलीत, आता खार सोसणारं भात दारात आलंय, तरीही नाक मुरडता म्हणजे तुम्ही विज्ञानाचे वैरी. दोन्हीकडे आवाज भरपूर आहे. पण भात खारात का मरतं, कोरगुट का मरत नाही, आणि जगलेल्या कोरगुटाचं भात शेवटी किती भरतं, यावर बोलताना मात्र फारसं कुणी दिसत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बियाणं कोणत्या पद्धतीने जन्मलं एवढ्यावरून ते घ्यायचं की हाकलायचं हे ठरवणं चूक आहे. कीड, रोग, खार, पाण्याचा ताण यांना तोंड देण्याची ताकद बियाण्यात एकदाच भरून ठेवता येत नाही. ती ओसरते, पुन्हा कमवावी लागते, आणि ती किती काळ टिकेल हे बियाण्याइतकंच शेताची व्यवस्था ठरवते. तेव्हा नव्या बियाण्याला विचारायचं ते हे: तुला कुणाच्या शेतात तपासलं, तुझ्यावर मालकी कुणाची, आणि तुझी ताकद संपली की पुढचं बी कोण काढणार? याची उत्तरं मिळाली तर क्रिस्परला माझी हरकत नाही. नाही मिळाली तर पिढ्यान्पिढ्या कणगीत जपलेलं गावठी बीसुद्धा खाजन वाचवणार नाही.

‘अस्सल गावठी’ हा शब्द गोव्यात फार सहज फेकला जातो, म्हणून सुरुवात तिथूनच करू. काणकोणच्या खोला मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, काजूच्या फेणीला २००९ मध्येच मिळालं होतं. दोन्हींचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण मिरची आणि काजू ही दोन्ही अमेरिका खंडातली पिकं, पोर्तुगिजांच्या गलबतांतून आलेली. बरं, ताटातल्या उकड्या तांदळाचं काय? गोव्याच्या शेतांत आजही सर्वाधिक दिसतात त्या जया आणि ज्योती. ज्योती केरळातल्या पट्टांबी केंद्राची, १९७४ ची. जया १९६८ ची, आणि तिच्यात ठेंगणेपणाचं जनुक आहे ते तैवानी भाताचं. म्हणजे हुमण-शीत (माशांची आमटी आणि भात) खाताना आपण तैवान, केरळ आणि ब्राझील यांना रोज पंगतीला बसवतो. बाहेरचं म्हणून नको, हा निकष प्रामाणिकपणे लावायचा तर निम्मं ताट रिकामं होईल.

यावर समोरून एक उत्तर येतं आणि ते चांगलं आहे. काजू आणि मिरची चारशे वर्षांत मुरली, शेतकऱ्यांनी पारखून पारखून ती आपली केली, तुमचं नवं भात चार-पाच हंगामांत अंगावर येतंय. हा मुद्दा मी मानतो. इथे काळाला किंमत आहे, कारण त्या काळात कुणीतरी निवड करत होतं: कुठल्या झाडाचं बी ठेवायचं, कुठल्या झाडाकडे पाठ फिरवायची. पण मग आक्षेप घाईला झाला, तंत्राला नव्हे. केपे तालुक्यातल्या बाळ्ळीच्या देशी काजूतून निवड करून जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन केंद्राने गोवा-१ ही जात काढली आणि तिची कलमं लोकांना दिली, तेव्हा चारशे वर्षांचं काम एका पिढीत आटोपलं. त्यावर कुणी मोर्चा काढला नाही, आणि काढायचं कारणही नव्हतं.

आता कोरगुट. मरड, खेर आणि खाजन अशा तीन तऱ्हेच्या भातशेतीपैकी खाजन ही खास आपली. मांडवी-जुवारीच्या काठची, भरतीच्या पातळीखाली असलेली, बांध घालून समुद्राकडून हिसकावून घेतलेली जमीन, सुमारे १८,००० हेक्टर. बांधात बसवलेली मानस, म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याची दारं, ज्याने ओहोटीच्या वेळी जवळून पाहिली असेल त्याला या जमिनीचं सगळं गणित कळतं. लाकडी दारं आतल्या पाण्याच्या दाबाने बाहेर ढकलली जातात, शेतातलं पाणी खाडीत ओतलं जातं. थोडा वेळ ओहोटी टेकते, मग पाणी उलट फिरतं, आणि तीच दारं बाहेरच्या रेट्याने चौकटीवर घट्ट येऊन बसतात. मोटार नाही, वीज नाही, माणूससुद्धा लागत नाही. मात्र दार कितीही घट्ट बसलं तरी खार थोडा झिरपतोच. तो झिरपलेला खार सोसायचं काम भाताचं. म्हणून कोरगुट, आसगो यांसारखी भातं इथे टिकली. पावसाने मातीतला खार धुतला गेला की मोड आणलेलं बी फेकायचं, आणि पुढचं भातावर सोडायचं.

हे भात खार सोसतं म्हणजे नक्की काय करतं? साधं भात मुळांवाटे पाण्याबरोबर मीठही वर चढू देतं. मीठ पानात साचतं आणि पान टोकाकडून करपत खाली येतं. खाऱ्या जमिनीतल्या काही देशी जातींमध्ये हा चढता सोडियम वाटेतच अडवून परत फिरवण्याची सोय असते. केरळच्या पोक्काळी भातात गुणसूत्र १ वरच्या एका पट्ट्याचा यात मोठा वाटा असल्याचं सापडलं. ‘सॉल्टॉल’ नावाने तो ओळखला जातो, आणि तोच पट्टा साध्या संकराने इतर भातांत आणण्याचं काम आशियाभर झालं. बंगालच्या नोना बोक्रा या खाऱ्या जमिनीतल्या भातावरून त्या पट्ट्यातलं नेमकं जनुक २००५ मध्ये हाती लागलं. या सगळ्यात परकीय कंपनी कुठे आली? मूळ भांडवल एर्नाकुळमच्या आणि सुंदरबनाच्या बाजूच्या शेतकऱ्यांनी राखलेलं. पुराचंही तसंच. ओडिशातल्या एका जुन्या भातात पंधरवडाभर पाण्याखाली श्वास धरून बसण्याचा गुण होता. २००६ मध्ये ते जनुक ओळखलं गेलं, आणि २००९ मध्ये स्वर्णा-सब१ शेतकऱ्यांच्या हाती आलं. त्यात जनुक बाहेरून टोचलेलं नव्हतं. संकर नेहमीचा, फक्त कुठल्या रोपात हवा तो पट्टा उतरला हे रोप मोठं होण्याआधी खुणेवरून ओळखलेलं.

याहून बोलकं उदाहरण ग्रासी स्टंट विषाणूचं आहे. १९७० च्या दशकात हा रोग आशियातल्या नव्या ठेंगण्या भातांना झोपवत होता. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांवर नमुने चाळले. रोगाला दाद न देणारा एकच निघाला, तो उत्तर प्रदेशातल्या ओरायझा निवारा या रानटी भाताचा, ज्याला कुणी शेतकरी बी म्हणून हात लावणार नाही. तिथले भात-पैदासकार गुरदेव खुश यांनी तो गुण लागवडीच्या भातात आणला, आणि १९७६ च्या आयआर ३६ मध्ये तो होता. आता सांगा, यात जिंकलं कोण, देशी बी की आधुनिक शास्त्र? प्रश्नच खुळा आहे. रानटी भात नसतं तर शास्त्रज्ञाच्या हाती काहीच नव्हतं, आणि शास्त्रज्ञ नसता तर ते रानटी भात तळ्याकाठी तण म्हणून उपटलं गेलं असतं. कोरगुट वाचवा म्हणणारे आणि नवं बी आणा म्हणणारे एकाच दोरीची दोन टोकं ओढताहेत, आणि दोर तुटला तर दोघंही चिखलात बसणार आहेत.

खरं तर हे काम आपल्याकडे सुरूही झालंय. जुन्या गोव्याच्या त्याच केंद्राने कोरगुटाच्या मिसळ पिकातून चांगली कणसं निवडून, वेगळी वाढवून, गोवा धान १ आणि गोवा धान २ या जाती दिल्या. संकर नाही, संपादन नाही, निव्वळ निवड. माणूस भात पिकवायला शिकला तेव्हापासून चालत आलेली ही पद्धत. पण वादात या जातींचं नाव क्वचितच निघतं, कारण त्यांच्यावर ना चिडता येतं ना टाळ्या पिटता येतात.

आता दुसऱ्या तटाकडे वळू, कारण तिथला आंधळेपणा मला जास्त महागात पडणारा वाटतो. खार मोजण्याच्या मापाने, म्हणजे मीटरला डेसिसिमेन्समध्ये, जमिनीतला खार ३ च्या वर गेला की साध्या भाताचं उत्पन्न घसरायला लागतं आणि पुढच्या प्रत्येक एककाला साधारण बारा टक्के कमी होतं. खार सोसणाऱ्या जाती आठ-दहापर्यंत तग धरतात. आणि समुद्राचं पाणी? सुमारे ५०. बांधाला भगदाड पडून भरतीचं पाणी आत आलं तर पोक्काळी असो, कोरगुट असो वा क्रिस्परने घडवलेलं आणखी काही, सगळ्यांचा निकाल एकच. भात खाराला सर्वांत हळवं असतं ते रोपाच्या वयात आणि फुलोऱ्यात. नेमकं तेव्हा पाणी शिरलं तर जनुकाची हुशारी चालत नाही.

मग खाजनात पाणी का शिरतं? बियाणं कमकुवत झालं म्हणून नव्हे. गावकरीच्या, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या, काळात बांधाची डागडुजी हे गावाचं सामाईक काम होतं, त्यात कुचराई केली तर दंड होता. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, तो न्याय्यच होता, आणि पुढे बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली. पण संघ कागदावर राहिले, तर बांध कुणाचाच राहिला नाही. त्यातच मानशीच्या पावणीचे, म्हणजे तिथल्या मासेमारीच्या लिलावाचे, पैसे मोठे झाले. मानशीत मासळी पकडायची तर भरतीचं पाणी आत यायला हवं, आणि भात पिकवायचं तर ते यायला नको. लिलाव घेणाऱ्याने दार जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की मासळी वाढते आणि शेजारच्या कुळाचं रोप करपतं. हे सगळ्या गावाला माहीत असतं. या भांडणात दिल्लीहून आलेलं कुठलं जनुक निवाडा देणार आहे? खार सोसणारं बी आलंय या बहाण्याने बांधाचं काम आणखी पाच वर्षं पुढे ढकलायला सरकारला आयतं निमित्त मिळेल, ही भीती मला बियाण्यापेक्षा मोठी वाटते. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उतरून फोटो काढून घेणारे आपले पुढारी मानशीच्या दारापाशी फोटोला कधी उभे राहिलेले मी तरी पाहिले नाहीत.

पुसा डीएसटीबद्दलच बोलायचं तर तिच्यातला बदल समजून घेण्यासारखा आहे. डीएसटी हे भाताचं स्वतःचंच जनुक, चिनी शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये त्याचं काम उलगडलं. ते एक प्रकारे पानावरची रंध्रं उघडी ठेवायला लावतं. ते निकामी केलं की रंध्रं कमी होतात, मिटतात, पाणी कमी उडतं, आणि रोप ताण आणि खार जरा जास्त सोसतं. नवं काही घातलेलं नाही, असलेली एक कळ बंद केलीय. कल्पना सुंदर आहे. पण ज्या भातात ही कळ बंद केली ते एमटीयू १०१० आहे, आंध्रचं, लांब बारीक दाण्याचं. गोव्यात भात खपतं ते जाड, तांबूस, उकडून टिकणारं. पेज पातळ झाली तर घरची म्हातारी ते बी दुसऱ्या वर्षी कणगीत येऊ देणार नाही, मग त्याच्या रंध्रांची संख्या कितीही शास्त्रशुद्ध असो. शिवाय आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. पाण्याचा ताण जाणवतो तो वायंगणाला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताला. पावसाळी भाताचं दुखणं दुष्काळ नाही, खार आणि बुडणं आहे. तेव्हा ही जात खाजनात पेरून पाहावी, पण ती आपल्यासाठी घडवलेली आहे असं कुणी सांगत असेल तर त्याला हसावं.

विरोधकांचे जे मुद्दे मला खरोखर वजनदार वाटतात ते आता घेतो. पहिला सरकारी सवलतीचा. ३० मार्च २०२२ ला पर्यावरण मंत्रालयाने, बाहेरचं जनुक अंतिम रोपात उरत नसेल अशा संपादित पिकांना १९८९ च्या नियमांतल्या कडक तपासणीतून मोकळीक दिली. त्यांचं प्रकरण केंद्राच्या जनुकीय मंजुरी समितीकडे जातच नाही, संस्थेतल्या जैवसुरक्षा समितीवर भागतं. त्यात पुसा डीएसटीच्या चाचण्यांच्या आकड्यांवरच २०२५ मध्ये जाहीर आक्षेप घेतले गेले आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने ते फेटाळले. माझ्यासारख्या वाचकाला यातलं कोण खरं हे ठरवायचं तर ठिकाणवार, हंगामवार कच्चे आकडे समोर हवेत. सार्वजनिक पैशाने झालेल्या चाचण्यांचे आकडे सार्वजनिक का नसावेत? इथे मी विरोधकांच्या बाजूने उभा आहे.

पण याच मुद्द्याची दुसरी बाजू ते सांगत नाहीत. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने गॅमा किरणांचा मारा करून उडीद, भुईमूग, मूग यांच्या कितीतरी जाती काढल्या. टीएयू-१ हा उडीद महाराष्ट्रात वर्षानुवर्षं पेरला गेला. किरणांचा मारा म्हणजे जनुकांत कुठे, किती आणि काय मोडेल याचा नेम नाही. मोडतोड झालेल्या हजारो रोपांतून कामाचं एखादं निवडायचं. त्या पापडांना कुणी धोका म्हटलं नाही, आणि म्हणण्यासारखं काही घडलंही नाही. मग एकाच ठरलेल्या जागी केलेला बदल त्याहून भयंकर कसा? तर्काला धरून राहायचं तर मागणी अशी हवी की पद्धत कुठलीही असो, नवं पीक त्याच्या गुणावरून तपासा. संपादित भाताला सूट नको, तशी किरणांच्या उडदालाही नको. हे मान्य असेल तर मी सही करतो. फक्त क्रिस्पर हा शब्द ऐकून अंगावर काटा येत असेल तर त्याला युक्तिवाद म्हणता येत नाही.

दुसरा मुद्दा मालकीचा, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा. क्रिस्पर-कॅस९ ची मूळ पेटंटं अमेरिका-युरोपातल्या संस्थांकडे आहेत आणि त्यांच्यात आपसातच वर्षानुवर्षं कज्जे चाललेत. संशोधनापुरतं तंत्र वापरणं वेगळं, बी विकणं वेगळं. आपल्याकडे २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्याच्या कलम ३९ नुसार शेतकरी आपलं बी ठेवू शकतो, पेरू शकतो, वाटू शकतो, ब्रँडचं नाव न लावता विकूही शकतो. कायदा असूनही २०१९ मध्ये पेप्सिकोने गुजरातच्या बटाटा शेतकऱ्यांवर दावे लावले, काहींकडून प्रत्येकी एक कोटीच्या वर भरपाई मागितली. गदारोळ झाला तेव्हा कंपनीने ते मागे घेतले. गदारोळ झाला नसता तर? उद्या कुळाने शेजाऱ्याला पायलीभर संपादित बी उसनं दिलं तर त्याच्या दारात नोटीस येणार नाही, हे कुणी तोंडी सांगून भागणार नाही.

तिसरा मुद्दा रानटी भाताशी संकराचा. भात बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतं, परक्या परागाचं प्रमाण टक्क्याच्याही आत. पण रानटी आणि तणकट भात खाजनांच्या आसपास उगवतं, आणि शून्याच्या जवळ म्हणजे शून्य नव्हे. खार सोसणारं तण कुणालाच नकोय. मात्र ही जोखीम गोवा धानालाही आहे आणि जयालाही होती. ती बियाण्याच्या गुणाची जोखीम आहे, संपादनाची नव्हे.

आता बीटीकडे, म्हणजे अळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या पिकांकडे, यायलाच हवं, कारण प्रत्येक वादाच्या शेवटी कुणीतरी विदर्भाचं नाव घेतोच. बीटी कापूस २००२ मध्ये आला. पहिली काही वर्षं बोंडअळी खरंच आटोक्यात होती, हे नाकारणं खोटेपणाचं होईल. २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी एका जनुकाच्या बीटीला दाद देईनाशी झाल्याचं कंपनीनेच मान्य केलं, आणि २०१७ पर्यंत दोन जनुकांच्या बीटीचीही महाराष्ट्रात दैना झाली. का? साडेचारशे ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत बिगरबीटी बियांची १२० ग्रॅमची पुडी यायची. ती कडेला पेरायची, म्हणजे तिथे जगलेल्या साध्या अळ्यांचे पतंग बीटीवर जगलेल्या निबर अळ्यांच्या पतंगांशी जुगतात आणि निबरपणा पातळ होतो. ती पुडी बहुतेकांनी बांधावर फेकली. त्यात लांब मुदतीचे संकर, फरदड, म्हणजे वेचणीनंतरही पीक उभं ठेवून पुन्हा बोंडं, घेण्याची सवय, म्हणजे अळीला वर्षभर जेवण. अमेरिकेत हाच बीटी कापूस, हीच गुलाबी अळी. तिथे बीटीच्या जोडीला नसबंदी केलेले पतंग सोडले, साऱ्यांनी एकदम शिस्त पाळली, आणि २०१८ मध्ये ही अळी कापूसपट्ट्यातून संपल्याचं जाहीर झालं. जनुक तेच, निकाल उलटा.

हा धडा बीटीपुरता नाही. इंडोनेशियात १९७० च्या दशकात तपकिरी तुडतुड्याला दाद न देणारं आयआर २६ गेलं. ते साध्या संकराचं, त्यात जनुकीय फेरफार नव्हता. दोन-तीन वर्षांतच तुडतुडा त्याला सरावला. पुन्हा नवं भात, पुन्हा तुडतुडा. त्यात सरकार स्वस्तात कीटकनाशक वाटत होतं, त्याने तुडतुडे खाणारे कोळी आणि ढेकणांसारखे मित्रकीटक मेले आणि तुडतुडा आणखी माजला. शेवटी १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर एका फटक्यात बंदी घालावी लागली. गव्हाचंही तेच. राय या धान्यातून आलेलं तांबेऱ्याविरुद्धचं एक जनुक जगभरच्या गव्हात पसरलं आणि १९९० च्या दशकाअखेर युगांडात त्याला भेदणारा तांबेरा उभा राहिला. एका जनुकावर सगळा भार टाकला की तो असाच कोसळतो.

वांग्याचं प्रकरण तर आपल्या घरचं. फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांगं रोखलं. तिकडे बांगलादेशाने २०१४ पासून तेच वांगं शेतकऱ्यांना दिलं, आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठीच्या फवारण्या तिथे घटल्या. आपल्याकडे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गिऱ्हाईक वांगं उलटंसुलटं करून भोक शोधतं, आणि भोक नसलेल्या वांग्यावर किती वेळा काय मारलं हे विचारत नाही. एवढ्यापुरतं मी बीटीवाल्यांशी सहमत आहे: फवारणीचं विष पोटात घालून जनुकाची भीती बाळगणं विचित्र आहे. पण गोव्यातल्या वांग्याचा दुसरा मोठा वैरी अळी नाही, मातीतला जिवाणू आहे. मर रोग लागला की हिरवंगार झाड दोन दिवसांत माना टाकतं. आमच्या आंबट मातीत आणि ओलीत त्याला मोकळं रान. बीटी जनुक त्याच्यापुढे काहीच करत नाही. मग आगशीच्या वांग्यासाठी काय हवं? आधी मर न लागणारं देशी वाण शोधणं आणि त्याच्याशी संकर. हे काम कुठलीही मोठी कंपनी करणार नाही, कारण एवढ्याशा राज्याच्या वांग्यात तिचा नफा बसत नाही. ते सरकारी केंद्रानेच करायचं आहे, आणि दर दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा करायचं आहे.

इतकं बोलून झाल्यावर माझा एक प्रस्ताव, दोन्ही तटांना न आवडणारा. कोरगुटाचा दोष सगळ्यांना माहीत आहे. तो उंच वाढतो, वाऱ्या-पावसात आडवा होतो, आणि खत दिलं तर लवकर आडवा होतो, म्हणून उत्पन्न वाढवता येत नाही. जयाला ठेंगणी करणारं तैवानी जनुक काय आहे हे आता अक्षरन् अक्षर माहीत आहे. एसडी१ नावाचं एक जनुक निकामी झालेलं, इतकंच. हाच बदल कोरगुटात क्रिस्परने करता येईल. खार सोसण्याचा गुण, दाणा, चव, सगळं कोरगुटाचं, फक्त काड आखूड. जयाशी संकर करून ठेंगणेपणा आणायचा तर जयाची इतर हजारो जनुकं सोबत येतात आणि त्यांना गाळायला पिढ्या लागतात. संपादनात तो त्रास नाही. गावठी बियाण्याचं गावठीपण राखण्याचं याहून नेमकं हत्यार अजून तरी निघालेलं नाही. परकं जनुक नको म्हणणाऱ्यांनी याला विरोध करायचा तर कशाच्या आधारावर?

आणि तरीही मी आज ‘करा’ म्हणणार नाही. कारण उंची हा कोरगुटाचा दोष आहे तसा गुणही आहे. जुलैत मानस तुंबली, शेतात मांडीभर पाणी चार दिवस उभं राहिलं, तर उंच रोपाचा शेंडा पाण्याच्या वर राहतो आणि ठेंगणं बुडून कुजतं. पेंढा हवा म्हणणारा गुरंवाला आहे, पेंढ्याचा उपयोग नाही म्हणणारा आहे. बांध धड असलेल्या खाजनात ठेंगणा कोरगुट सोनं ठरेल, बांध फुटलेल्या खाजनात तोच पहिला मरेल. म्हणजे हे बी चांगलं की वाईट हे दिल्लीच्या काचघरात ठरूच शकत नाही. ते दिवाडीत वेगळं ठरेल, चोडणात वेगळं, कुडतरीत आणखी वेगळं. ठरवायला तिथल्या कुळांच्या शेतात, त्यांनीच कणसं निवडून, तीन-चार पावसाळे काढावे लागतील, आणि एखाद्या वर्षी बांध फुटून सगळं वाहून गेलं तर तोही निकाल म्हणून लिहावा लागेल.

यासाठी लागणारा पैसा फार नाही. जुन्या गोव्याच्या केंद्रात भात-पैदाशीची कायमची माणसं, कोरगुट-आसगोचे गावागावांतले नमुने जपणारी थंड खोली, चाचणीच्या शेतांना नुकसानभरपाई, आणि निकालांचे कच्चे आकडे मराठी-कोकणीतून ग्रामसभेत वाचून दाखवणं. ज्या खाजनात चाचणी घ्यायची तिथला बांध आणि मानस आधी दुरुस्त करायची, आणि त्या हंगामाची पावणी देताना दार कधी उघडायचं, कधी मिटायचं हे करारात वेळेसकट लिहायचं. बियाणं बाहेर पडलंच तर त्याच्या पिशवीवर मराठीत आणि कोकणीत छापायचं की हे बी ठेवायला, पेरायला, शेजाऱ्याला द्यायला शेतकरी मोकळा आहे, आणि परवान्यावरून पुढे कुणी पेटंटवाला उभा राहिला तर दावा सरकार लढेल. एवढं छापायला कृषी खात्याची तयारी नसेल, तर तोवर गोवा धान पेरायला काय हरकत आहे?